पदवी आपली, सही कुणाची?

जालन्याच्या स्टील कारखान्यात भट्टीसमोर कोण राबतो आणि कागदावर सही कोण करतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. आता आपल्या वस्त्यांतली मुले-मुली बी.टेक. होत आहेत. पेढे वाटले जातात, पदवी भिंतीवर लागते. पुढे? काही स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसतात, काही कंत्राटदाराच्या हाताखाली तुटपुंज्या पगारावर साइट सांभाळतात. आमचा त्यांना एकच प्रश्न आहे : तुमच्या सहीला किंमत आहे का?

वकिलांसाठी 1961 चा अधिवक्ता कायदा आहे, वास्तुविशारदांसाठी 1972 चा कायदा आहे. अभियंत्यांसाठी संसदेने तसा देशव्यापी कायदा केलेला नाही. म्हणून पदवी म्हणजेच परवाना, असा समज पसरला आहे. तो खोटा आहे. परवानाधारक अभियंता म्हणून घराचा नकाशा मंजुरीला दाखल करायचा असेल, तर महानगरपालिकेसारख्या नियोजन प्राधिकरणाकडे नोंद लागते. राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत त्याची पात्रता दिली आहे. इमारतीच्या मजबुतीची जबाबदारी घेणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला स्थापत्य पदवीनंतर किमान 3 वर्षांचा अनुभव लागतो. विजेच्या कामाचा ठेका घ्यायलाही वेगळा परवाना आहे.

खरी मेख अनुभवात आहे. कॉलेजच्या प्रवेशाला आरक्षण आहे, अनुभवाला नाही. अनुभव मिळतो खासगी कार्यालयात आणि तिथे ओळख चालते, आडनाव विचारले जाते. गुणवत्तेच्या गप्पा मारणारे या दारावर गप्प का असतात?

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. 1942 साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या विज्ञान-तंत्रज्ञान शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांवर भागणार नाही, हे त्यांना दिसत होते. मजूरमंत्री म्हणून त्यांनी वीज आणि पाण्याच्या देशव्यापी नियोजनाचा पाया घातला. आपण मात्र पदवीपाशीच थांबतो.

काही तरुण तर सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी करतात आणि आपले नाव बड्या ठेकेदाराला वापरू देतात. काम त्याचे, नफा त्याचा. पूल खचला तर जबाबदारी तुमची. सही विकणे ही स्वतःहून पत्करलेली गुलामी आहे.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. समाजातल्या प्रत्येक परवानाधारक अभियंत्याने दरवर्षी निदान एका नव्या पदवीधराला आपल्या कार्यालयात घ्यावे, काम शिकवावे, पगार द्यावा आणि खरा अनुभव दाखला द्यावा. विहाराचा, वसतिगृहाचा नकाशा काढताना आपल्या अभियंत्याकडे आधी जावे. तरुणांनी पदवीच्या शेवटच्या वर्षीच परवान्याचे नियम वाचून काढावेत.

भिंती आपल्या बापजाद्यांनी बांधल्या. आता त्यांच्या नकाशावर आपली सही हवी.

जय भीम!