तेजस् आणि तितिक्षा

गेल्या दत्तजयंतीस, म्हणजे ४ डिसेंबर २०२५ रोजीं, आमचें अमरावतीहून अकोल्यास धाकट्या बंधूंच्या घरीं जाणें झालें. सायंकाळीं दत्तजन्म झाला, सुंठवडा वाटला गेला, आणि घरांतील तरुण मंडळी ओसरीवर जमली. विषय निघाला तो लढाऊ विमानांचा. आमच्या लहानपणीं मुलांना पावकी-निमकी पाठ असे. हल्लींच्या मुलांना विमानांचा वेग, पल्ला आणि भार तसा पाठ असतो. आम्ही तक्क्याला टेकून ऐकत राहिलों.

पुण्याहून आलेला आमचा पुतण्या संगणकाच्या व्यवसायांत चांगला स्थिरावला आहे. तो मोठ्या उत्साहानें सांगत होता कीं, १७ ऑक्टोबर २०२५ रोजीं नाशिकजवळ ओझर येथें, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यांत तयार झालेल्या पहिल्या ‘तेजस् मार्क-१ए’ विमानानें संरक्षणमंत्र्यांच्या देखत भरारी घेतली. ज्या कारखान्यानें एके काळीं रशियन नमुन्याचीं मिग-२१ विमानें बांधलीं, तेथेंच हें घडलें. आणि तीं मिग-२१ विमानें तीनच आठवडे आधीं, २६ सप्टेंबरला, चंदीगड येथें समारंभपूर्वक निवृत्त झालीं होतीं. मग पुढच्या ‘ॲम्का’ विमानाची गोष्ट निघाली. तें दोन इंजिनांचें, पांचव्या पिढीचें, रडारला सहजासहजीं न सांपडणारें. त्याच्या आंखणीसाठीं मार्च २०२४ मध्यें सरकारनें सुमारें १५,००० कोटी रुपये मंजूर केले. ‘काका, हें एकदां उडालें म्हणजे आपण कोणाचे मिंधे राहणार नाहीं,’ असें पुतण्या म्हणाला.

बंधूंचे जांवई एका कारखान्यांत यंत्रविभागाकडे आहेत. ते आतांपर्यंत गप्प होते. त्यांनीं शांतपणें विचारलें, ‘इंजिन कोणाचें?’

क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग सर्व हकीकत निघाली. तेजसाचें इंजिन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचें. सन २०२१ मध्यें ९९ इंजिनांची मागणी नोंदविली. त्यांतलें पहिलें हातीं आलें तें मार्च २०२५ मध्यें. ‘ॲम्का’ देखील आरंभीं त्याच कंपनीच्या इंजिनावर उडावयाचें ठरलें आहे.

‘इंजिनांत एवढें अवघड तें काय?’ असें आम्हीं विचारलें. जांवईबापूंनीं समजावून दिलें तें असें: जेट इंजिन पुढून हवा ओढतें, ती दाबतें, तींत इंधन जाळतें, आणि तो तप्त वायु मागें फेंकून विमान पुढें लोटतें. हवा दाबणारी यंत्रणा फिरविण्याचें काम त्याच वायूच्या झोतांत फिरणारीं पातीं करितात. पातें ज्या धातूचें, तो वितळावा याहूनही अधिक त्या वायूची उष्णता असते. म्हणून पातें निकलच्या विशेष मिश्रणाचें, आणि तेंही एकाच अखंड स्फटिकाचें ओतावें लागतें. शिवाय त्याच्या पोटांतून सूक्ष्म वाटांनीं त्यामानानें थंड हवा खेळवावी लागते. ही विद्या ज्या मोजक्या राष्ट्रांपाशीं आहे, तीं ती सहसा दुसऱ्यास देत नाहींत. हैदराबादच्या संरक्षण धातुविज्ञान प्रयोगशाळेनें २०२१ मध्यें हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठीं अशीं ६० पातीं करून दिलीं. पण लढाऊ विमानाच्या इंजिनाची मजल अजून गांठावयाची आहे.

हा प्रश्न आजचा नव्हे. १७ जून १९६१ रोजीं बंगलोरास ‘मरुत्’ हें आपलें पहिलें जेट लढाऊ विमान उडालें. कुर्ट टँक या जर्मन रचनाकाराच्या नेतृत्वाखालीं तें आंखलें गेलें होतें. सांगाडा उत्तम, पण ज्या बलवान् ब्रिटिश इंजिनाच्या भरंवशावर तो आंखला, तें इंजिन शेवटास गेलेंच नाहीं. अखेर कमी ताकदीचीं इंजिनें बसवावीं लागलीं. मरुतांनीं १९७१ च्या युद्धांत राजस्थानच्या आघाडीवर चोख काम केलें, तरी त्यांच्या देहाजोगा वेग त्यांना कधींच लाभला नाहीं. पुढें १९८९ मध्यें तेजसासाठीं ‘कावेरी’ इंजिनाचें काम मंजूर झालें. तें हवी तेवढी शक्ति देऊं शकलें नाहीं, आणि २००८ मध्यें तें तेजसापासून वेगळें करण्यांत आलें.

हें ऐकून बंधू म्हणाले, ‘दादा, आपल्या भरद्वाजमुनींच्या ग्रंथांत हें सारें होतें, आपणच हरवून बसलों.’ हें वाक्य बंधूंनीं आमच्याच तोंडून ऐकलेलें. वर्गांत आम्हीं तें वर्षानुवर्षें सांगितलें. एकदां एका विद्यार्थ्यानें उठून विचारलें, ‘गुरुजी, त्यांत इंजिन कसें चालतें तें लिहिलें आहे काय?’ आम्हीं तो ग्रंथ उघडूनही पाहिला नव्हता. ‘खालीं बस’ एवढेंच म्हणालों. निवृत्तीनंतर वाचनांत आलें कीं, १९७४ मध्येंच बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच अभ्यासकांनीं तो ग्रंथ तपासून, तो १९०४ पूर्वीचा नाहीं व त्यांतील विमानें उडूं शकणार नाहींत, असा निर्णय दिला होता. त्या मुलाचा प्रश्न आणि जांवईबापूंचा प्रश्न एकच. आम्हीं ही गोष्ट त्या रात्रीं सर्वांसमक्ष सांगितली, आणि सांगतांना आमची मान खालीं गेली.

संस्कृत आमच्या उपयोगीं पडलें तें निराळ्या वाटेनें. ‘तेजस्’ हा शब्द ‘तिज्’ या धातूपासून झाला, आणि धातुपाठांत त्याचा अर्थ धार लावणें असा दिला आहे. याच धातूस पाणिनीच्या सूत्रानें ‘सन्’ प्रत्यय लागून ‘तितिक्षा’ हा शब्द होतो. त्याचा अर्थ सोसणें. एका आईचीं हीं दोन लेंकरें. निसण्यावर झिजल्यावांचून धार नाहीं. बिघडलेलीं ओतकामें, तडकलेलीं पातीं, पुन्हां पहिल्यापासून मांडलेलें गणित, हें सोसेल त्यालाच तेज. आणि कधीं मोल याहूनही मोठें असतें. तेराच दिवसांपूर्वीं, २१ नोव्हेंबरला, दुबईच्या प्रदर्शनांत तेजस् कोसळून विंग कमांडर नमांश स्याल प्राणास मुकले होते. त्यांचें नांव निघतांच ओसरी गप्प झाली.

त्या शांततेंत पुतण्याचा मुलगा, जो यंदा बारावींत आहे, हळूच म्हणाला, ‘मोठे आजोबा, मला नागपुरास धातुशास्त्र शिकावयाचें आहे.’ नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेंत ती शाखा आहे. घटकेपूर्वीं ‘मिंधे राहणार नाहीं’ म्हणणारा पुतण्या एकदम म्हणाला, ‘तें नको. चांगले गुण मिळाले तर संगणकच घे. धातुशास्त्रांत नोकऱ्या आहेत कोठें?’ त्याचें म्हणणें सर्वस्वीं खोटें नव्हे. घराचे हप्ते त्यानें संगणकावरच फेडले आहेत. पण दारांत उभी असलेली सूनबाई म्हणाली, ‘मग तीं पातीं दुसऱ्यांच्या मुलांनीं करावयाचीं का?’ पुतण्यानें उत्तर दिलें नाहीं.

आम्हींही उपदेश केला नाहीं. एका मुलाला आम्हीं पूर्वीं खालीं बसविलें होतें. या मुलाला शेजारीं बसवून घेतलें आणि म्हणालों, ‘एकाच स्फटिकाचें पातें कसें ओततात, तें सांग पाहूं.’ साचा खालच्या टोंकाकडून हळूहळू थंड करीत एकच स्फटिक वरपर्यंत कसा वाढवितात, हें तो कागदावर काढून दाखवूं लागला. थोड्या वेळानें पाहिलें, तों त्याचे वडीलही कागदावर वांकले होते.

निर्णय परीक्षेच्या निकालानंतर व्हावयाचा आहे, आणि तो त्या घरचा आहे. वाचकांस विनंती इतकीच कीं, आपल्या ओसरीवर अशी गोष्ट निघाली आणि एखाद्या मुलानें आडवा प्रश्न विचारला, तर त्यास बोलूं द्यावें. उत्तर आपणांस ठाऊक नसेल, तर तेंही त्यास सांगावें.