उकळले म्हणजे पाणी शुद्ध झाले का?

पाण्याची शंका आली की ते उकळून प्यावे, हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. पटकी, हगवण, कावीळ यांचे जंतू उकळण्याने मरतात, म्हणून ही सवय सोडू नये. मात्र एक विष असे आहे की ते उकळूनही जात नाही. ते साचलेल्या पाण्यावरच्या हिरव्या तवंगात असू शकते.

हा तवंग शेवाळासारखा दिसतो, पण ते असतात निळे-हिरवे सूक्ष्म जीवाणू. ऊन, संथ पाणी आणि वाहून आलेले खत किंवा सांडपाणी मिळाले की ते झपाट्याने वाढतात. त्यांच्या काही जाती विष तयार करतात.

ऑस्ट्रेलियातील पाम बेटाची हकिकत आम्हाला सांगावीशी वाटते. तेथील सरकारने आदिवासींना त्यांच्या मुलखातून उचलून या बेटावर आणून ठेवले होते. १९७९ साली त्यांच्या पिण्याच्या पाण्याच्या धरणात असा तवंग दाटला. पाण्याला वास येतो, चव बिघडली, अशी लोकांनी तक्रार केली. तेव्हा मोरचूद घालून तो तवंग मारण्यात आला. काही दिवसांतच १४८ जण आजारी पडले. त्यांतली १३८ मुले होती! उलट्या, पोटदुखी, यकृताला सूज, मूत्रपिंडाला इजा. सुदैवाने कोणी दगावले नाही. आधी कारणच कळेना. पुढे संशोधकांनी उलगडा केला. जीवाणू मरताना फुटले आणि त्यांच्या आतले विष पाण्यात उतरून नळाने घरोघर गेले होते.

आपल्या चुलीवरही तेच घडते. उकळताना जीवाणू फुटतो, विष मात्र तसेच राहते. फडक्याने गाळूनही विरघळलेले विष निघत नाही.

मग करायचे काय? प्रत्येक हिरवे पाणी विषारी नसते, पण नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाही. म्हणून तळ्यावर रंग सांडल्यासारखा हिरवा थर दिसला, तर ते पाणी पिऊ नका, त्यात स्वयंपाक करू नका. मुलांना पोहू देऊ नका, गुरांना पाजू नका. स्वतः औषध टाकून तवंग मारायला जाऊ नका. दुसऱ्या विहिरीचे, बोअरचे किंवा टँकरचे पाणी मागा. वस्तीतल्या चार बायाबापड्यांनी मिळून ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे लेखी अर्ज द्यावा, पाण्याची तपासणी मागावी आणि अर्जाची पोच घ्यावी.

पाम बेटावरच्या लोकांनी तक्रार केली, ती रास्तच होती. उपाय करणाऱ्यांनी आधी पाणी तपासले असते, तर एवढी लेकरे आजारी पडली नसती. म्हणून उपायाआधी तपासणी, हाच आग्रह आपणही धरू या.