गंधकाच्या वासाने भाव मिळत नाही



बड्या राष्ट्राला भर सभेत चार शब्द सुनावणारा पुढारी दिसला की आपल्या माणसाचे मन सुखावते. तलाठी, अडत्या, बँकेचा साहेब यांच्यापुढे मान खाली घालून ज्याचा जन्म गेला, त्याला जगाच्या पाटलाला तोंडावर बोलणाऱ्याचे अप्रूप वाटणारच. आमच्या बैठकांतही प्रश्न निघतो, असा खमक्या नेता आपल्या वाट्याला का नाही? म्हणून अशाच एका नेत्याचा हिशेब येथे मांडतो आहोत. हा हिशेब भाषणाचा नाही, भावाचा आहे.

व्हेनेझुएलाचे अध्यक्ष ह्युगो चावेझ हे या पंथातले अव्वल. नोव्हेंबर २००५ मध्ये अर्जेंटिनातील मार देल प्लाता शहरात उत्तर आणि दक्षिण अमेरिका खंडांतील ३४ देशांची शिखर परिषद भरली होती. अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश हजर होते. दोन्ही खंडांचे मिळून एकच मुक्त व्यापार क्षेत्र करायचे, हा अमेरिकेचा १९९४ पासूनचा बेत होता. चावेझ यांनी परिषदेच्या बाहेर स्टेडियममध्ये प्रचंड सभा घेतली, फुटबॉलपटू माराडोनाला सोबत घेतले आणि सांगितले, या कराराला मूठमाती द्यायला आम्ही फावडी घेऊन आलो आहोत. पुढच्या वर्षी, २० सप्टेंबर २००६ रोजी, ते न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत उभे राहिले. आदल्याच दिवशी बुश त्या व्यासपीठावरून बोलून गेले होते. चावेझ म्हणाले, काल येथे सैतान येऊन गेला, अजून गंधकाचा वास येतो आहे. सभागृहात हशा पिकला, टाळ्या पडल्या.

आता गंधकाचा वास आमच्या द्राक्षबागायतदारांना काही नवा नाही. भुरी दिसली की गंधक मारावेच लागते. पण गंधकाने भुरी जाते, भाव वाढत नाही.

चावेझ यांचा राग खोटा होता, असे आम्ही म्हणणार नाही. मुक्त व्यापाराचे प्रवचन जगाला द्यायचे आणि आपल्या शेतीमालावर तिजोरी रिकामी करायची, हा अमेरिकेचा दुटप्पीपणा कापूस पिकवणाऱ्याला कोणी समजावून सांगायला नको. २००१-०२ च्या हंगामात अमेरिकेतल्या सुमारे २५ हजार कापूस उत्पादकांच्या पदरात ३ अब्ज डॉलरच्या घरात सरकारी मदत पडली. त्याच हंगामात जगाच्या बाजारात रुईचा भाव पौंडाला ४० सेंटच्या आसपास घसरला. तो मार माली आणि बुर्किना फासोच्या शेतकऱ्याने खाल्ला, तसाच यवतमाळ आणि जळगावच्या शेतकऱ्यानेही खाल्ला. तेव्हा महासत्तेला कोणी जाब विचारला तर आमची हरकत असण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की जाब विचारून शेतकऱ्याच्या पदरात काय पडले?

मार देल प्लाताला करार अडला, हे खरे. २९ देश बोलणी पुढे न्यायला तयार होते. अडून बसले ते पाच: व्हेनेझुएला, ब्राझील, अर्जेंटिना, उरुग्वे आणि पॅराग्वे. त्यातल्या ब्राझील-अर्जेंटिनाचा मुद्दा अगदी कोरडा होता. तुमच्या शेतीवरच्या सबसिड्यांविषयी बोलायला तयार नसाल, तर आमच्या बाजाराचे दार उघडायला सांगू नका. या वाक्यात सैतान नाही, गंधक नाही. वर्तमानपत्राचा मथळा होण्यासारखे त्यात काहीच नाही. पण करार अडला तो याच मुद्द्यावर.

ब्राझील तेवढ्यावर थांबला नाही. अमेरिकेच्या कापूस सबसिडीविरुद्ध त्याने २००२ मध्येच जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला होता. आकड्यांचे ढीग मांडले. ३ मार्च २००५ रोजी, म्हणजे चावेझ यांच्या फावड्यांच्या आठ महिने आधी, अपिलातही निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला. अमेरिका टाळाटाळ करत राहिली. तेव्हा २००९ मध्ये ब्राझीलने तिच्या मालावर जबर शुल्क लावण्याची परवानगी मिळवली. मग मात्र महासत्ता नमली. २०१० मध्ये वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर ब्राझीलच्या कापूस उत्पादकांच्या निधीत भरण्याचे तिने मान्य केले आणि २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर देऊन तंटा मिटवला. अमेरिकेच्या सबसिड्या यामुळे संपल्या नाहीत. पण महासत्तेच्या खिशातून शेतकऱ्यासाठी पैसा काढून दाखवला तो वकिलांनी आणि हिशेबनिसांनी. पुढे २०२३-२४ मध्ये ब्राझील कापसाच्या निर्यातीत अमेरिकेच्याही पुढे गेला. त्यामागे बियाणे, यंत्रे, मोठी शेते अशी अनेक कारणे आहेत. पण शेतकऱ्याला पिकवू देणारे आणि विकू देणारे धोरण नसते, तर त्यातले एकही कामी आले नसते.

आणि चावेझ यांच्या घरी? फेब्रुवारी २००३ मध्ये त्यांच्या सरकारने तांदूळ, मका पीठ, दूध, साखर, कॉफी अशा जिनसांचे भाव बांधून टाकले. गरिबाला स्वस्त अन्न मिळावे हा हेतू. तेलाच्या पैशातून त्या वर्षांत गरिबांच्या ताटात चार घास जास्त पडले, हेही नाकारण्याचे कारण नाही. पण महागाई दरसाल दोन आकडी. मजुरी वाढते, खत वाढते, बांधलेला भाव जागचा हलत नाही. शिवाय सरकारी दराचा स्वस्त डॉलर देऊन बाहेरचे धान्य आणायचे. म्हणजे दोन्ही बाजूंनी मार शेतकऱ्यालाच.

शेतीशास्त्राच्या पुस्तकात जे लिहिलेले नसते, ते मग घडले. साध्या तांदळाचा भाव बांधला, तेव्हा गिरण्या चव लावलेला तांदूळ विकू लागल्या. २००९ मध्ये सरकारने गिरण्यांत सैनिक पाठवले. पिढ्यान्‌पिढ्या कॉफी निर्यात करणारा देश त्याच सुमारास कॉफी आयात करू लागला. ऑक्टोबर २०१० मध्ये बियाणे, खते, औषधे पुरवणारी आणि शेतकऱ्याला उधारी देणारी सर्वांत मोठी कंपनी, अग्रोइस्लेन्या, सरकारने ताब्यात घेऊन तिचे नाव अग्रोपात्रिया ठेवले. नावात देश आला, दुकानातून माल गेला. त्याच वर्षी सरकारी कंपनीने आयात केलेले हजारो टन अन्न बंदरावर कंटेनरमध्ये कुजलेले सापडले. आणि ज्याला सैतान म्हटले त्याच अमेरिकेला त्या काळात रोज दहा लाख पिंपांहून अधिक तेल विकले जात होते. तेलाचा व्यवहार रोकडा, शिव्या फुकट. २०१३ मध्ये चावेझ वारले. पुढे तेलाचा भाव कोसळला, तेव्हा परदेशी धान्य आणायला पैसा नव्हता आणि पिकवणारा शेतकरी आधीच मोडलेला होता. ७० लाखांहून अधिक माणसे देश सोडून गेली.

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येत नाही. ७ ऑगस्ट २०२५ रोजी, अमेरिकेने आपल्या मालावरचे शुल्क ५० टक्क्यांवर नेण्याचे जाहीर केल्याच्या दुसऱ्याच दिवशी, आपल्या पंतप्रधानांनी दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत सांगितले की शेतकऱ्यांच्या हिताशी तडजोड नाही, त्यासाठी स्वतःला मोठी किंमत मोजावी लागली तरी तयारी आहे. टाळ्या झाल्या. दोन आठवडे उलटायच्या आत कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे नेमका आपला कापूस घरात येतो तो काळ. अमेरिकी शुल्काचा तडाखा कापड धंद्याला बसला, हे मान्य. पण तडाखा गिरणीला आणि भरपाई कापूसवाल्याच्या खिशातून, हा कुठला न्याय? आम्ही आयातीला भिणारे नाही. दार उघडे ठेवायचे तर दोन्ही बाजूंनी ठेवा. भाव चढला की ८ डिसेंबर २०२३ ते ४ मे २०२४ अशी कांद्याची निर्यात बंद आणि भाव पडायच्या वेळी कापसाची आयात मोकळी, याला मुक्त व्यापारही म्हणत नाहीत आणि स्वदेशीही म्हणत नाहीत.

तेव्हा पुढाऱ्याने महासत्तेला काय ऐकवले, हे अवश्य ऐका. पटले तर टाळीही वाजवा. पण त्याच संध्याकाळी तपासा: घरी त्याने कोणत्या पिकाचा भाव बांधला, कोणती निर्यात अडवली, कोणत्या महिन्यात आयात सोडली? तिथे उत्तर वाईट असेल, तर ते भाषण तुमच्या नावावर झाले, तुमच्यासाठी नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने एक क्विंटल कापसाचा उत्पादन खर्च, विक्रीची पट्टी आणि विकल्याची तारीख लिहून आणावी. घोषणा आमच्यापाशी पुष्कळ आहेत. ब्राझीलने दावा जिंकला तो कागदावर. आपला कागद आपणच तयार करायचा आहे.