बांडगूळ नव्हे, आमरी!

जानेवारीत मस्तगडातले आम्ही दोघे मित्र पुण्याला एम्प्रेस गार्डनचे पुष्पप्रदर्शन पाहायला गेलो. आमचा जुना शेजारी तिथे भेटला. मस्तगडातले घर बंद करून तो आता पुण्यात मुलाकडे राहतो. ओंडक्यावर मुळे पसरलेले ऑर्किड पाहून म्हणाला, "हे तर बांडगूळ! माझ्यासारखं."

बँकेत आयुष्य गेल्याने मला हिशेब तपासायची खोड. बांडगूळ झाडात मुळे खुपसून रस ओढते. ती दुसऱ्याच्या खात्यातली उचल. फांदीवरचे ऑर्किड, म्हणजे आपली आमरी, झाडाकडून फक्त आधार घेते. तिच्या मुळांवरचे स्पंजासारखे आवरण पावसाचे, दवाचे पाणी टिपते. सह्याद्रीत मे-जूनच्या सुमारास फुलणारी सीतेची वेणी अशीच. यजमानाच्या शिलकीला हात न लावता ती त्याला नटवते.

उतारवयात मुलाकडे राहणाऱ्याने स्वतःला ओझे समजू नये आणि घरानेही तसे भासवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आधार म्हणजे कर्ज नव्हे.

मित्र काही बोलला नाही. निघताना मात्र त्याने सुनेसाठी एक रोप घेतले. पैसे मला देऊ दिले नाहीत. स्वतःच्या पेन्शनीतून दिले.