लेकीला गुरांचं डॉक्टर व्हायचंय?

मैत्रिणींनो, बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा: डॉक्टर की इंजिनिअर? अशा वेळी एखादी लेक म्हणाली, ‘मी गुरांची डॉक्टर होणार,’ की आई आधी दचकते. मुलीच्या जातीला हे जमेल का? अहो, गोठ्यातली गाय रवंथ करीत नाही, हे सगळ्यांत आधी कुणाच्या लक्षात येतं? घरच्या बाईच्याच ना!

तेव्हा नाक मुरडण्याआधी वाट समजून घ्या. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत. खुल्या गटातील मुलीला त्यांत किमान ५० टक्के गुण लागतात. शिवाय ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा आहेच. पदवीचं नाव बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा. त्यातलं शेवटचं वर्ष जनावरांच्या दवाखान्यात प्रत्यक्ष कामाचं. आपल्याकडे मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथे सरकारी महाविद्यालयं आहेत. मुंबईचं तर १८८६ पासूनचं!

पण पदवी हाती आली की लगेच दारावर पाटी लावता येते, असं नाही हं. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे परिषदेच्या नोंदवहीत नाव लागावं लागतं. आपल्या राज्यात ही नोंदणी महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे होते. मगच स्वतंत्रपणे उपचार करता येतात, जनावराचा दाखला देता येतो.

आता सावध राहायची गोष्ट. ‘कमी वर्षांत, कमी खर्चात’ म्हणून पुष्कळजण पशुसंवर्धनाच्या पदविकेकडे वळतात. पदविका वाईट मुळीच नाही. पण तेवढ्यानं मुलगी डॉक्टर होत नाही. सरकारच्या परवानगीनं, नोंदणी झालेल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली किरकोळ उपचार, एवढीच तिची मर्यादा. म्हणून फी भरण्याआधी एकच प्रश्न स्पष्ट विचारा, ‘या शिक्षणावर परिषदेत नाव नोंदलं जातं का?’ उत्तर गोलगोल आलं, तर पैसे पदरीच ठेवा.

एलीन कस्ट या आयरिश बाईंनी १९०० साली एडिंबरोत हे शिक्षण पुरं केलं. केवळ बाई म्हणून त्यांना परवाना नाकारला गेला, तो मिळायला १९२२ साल उजाडलं! आपल्या लेकींना आज कायदा अडवीत नाही. घरच्यांनी तरी का अडवावं?