पार्किंगची रांग म्हणजेच तुमचा हरवलेला फुटपाथ

पुण्यात कुठल्याही पेठेत, कुठल्याही उपनगरात फुटपाथ रुंद करायचा विषय काढा, पहिला प्रश्न ठरलेला : "मग गाड्या लावायच्या कुठे?" आजोबांनी चालायचं कुठे, शाळेतल्या पोरांनी सायकल चालवायची कुठे, हे कुणी विचारत नाही.

जरा हिशोब करू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार फुटपाथवर चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा हवी. साध्या हॅचबॅकची रुंदी किती? आरसे सोडून साधारण 1.7 मीटर. म्हणजे "आमच्या रस्त्याला फुटपाथला जागाच नाही हो" हे खोटं आहे. जागा आहे. तिथे दिवसभर गाडी उभी आहे, आणि तीही फुकट.

पुण्यात धोरणांचा दुष्काळ नाही. 2016 मध्ये पादचारी धोरण आलं. 2017 मध्ये सायकल आराखडा मंजूर झाला. 2018 मध्ये पे अँड पार्कचं धोरणही मंजूर झालं. पहिल्या दोन्हींना जागा मिळणार होती ती तिसऱ्यातून, आणि नेमकं तेच बासनात गेलं. कारण उघड आहे. गाडीवाला लगेच ओरडतो. पायी चालणारा निमूटपणे रस्त्यावर उतरून गाडीला वळसा घालतो.

त्या वळशाची किंमत माहितीये? 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यातले 32,825 पायी चालणारे होते. अपघात झाला की आपण म्हणतो, "बघून चालायला काय होतं?" अहो, चालायला जागा दिलीत का?

दुकानदार म्हणतात, पार्किंग गेलं की गिऱ्हाईक जाईल. जंगली महाराज रस्त्यावर संध्याकाळी एक चक्कर मारा. फुटपाथ रुंद झाले म्हणून तिथली गर्दी आटली का? आणि खरं सांगा, दुकानासमोर सकाळपासून रात्रीपर्यंत उभी असलेली गाडी गिऱ्हाइकाची असते की मालकाची? तासाला पैसे लागले तर तीच जागा दिवसभरात दहा गिऱ्हाइकांच्या कामी येईल.

लक्ष्मी रस्त्यावर 11 डिसेंबर 2021 ला पादचारी दिन झाला. छान झालं. पण वर्षातून एक दिवस पायी चालणाऱ्यांचा म्हणजे बैलपोळ्यासारखंच झालं की! एक दिवस पुरणपोळी, दुसऱ्या दिवसापासून पुन्हा जू.

आपल्या मागण्या साध्या आहेत. फुटपाथ सलग हवा, प्रत्येक गेटपाशी चढ-उतार नको. कोपऱ्यापासून 10 मीटरपर्यंत पार्किंग बंद, म्हणजे रस्ता ओलांडणारं पोर गाडीवाल्याला दिसेल. शाळेसमोरचं क्रॉसिंग फुटपाथच्या उंचीला आणा. गल्ल्यांमध्ये वेग 30 च्या आत ठेवा, मग सायकलला वेगळ्या ट्रॅकचीही गरज नाही. मोठ्या रस्त्यांवर मात्र ट्रॅक हवाच. आणि त्यात मध्येच झाड, डीपी आणि बसस्टॉप नको!

महापालिकेच्या सहभागी अंदाजपत्रकाचे अर्ज निघाले की आपल्या गल्लीचं नाव घालून यातलं एक तरी काम लिहा. आणि मत मागायला कुणी दारात आलं, तर चहा द्या आणि एवढंच विचारा : "आमच्या रस्त्यावरची ती रांग कधी हटवताय?"