श्वानांची कृमिचिकित्सा : औषधालयाचा अधिकार कोठपर्यंत?

पावसाळा तोंडावर आला की हिंदमाता, परळ, लालबाग या पट्ट्यातील आयुर्वेदीय औषधालयांत एक मागणी हमखास होते. ‘कुत्र्याला गोचीड झालेत, काहीतरी आयुर्वेदिक द्या, त्याने अपाय तरी होणार नाही.’ मागणारा कधी कापडबाजारातील दुकानदार असतो, कधी चाळीतील गृहिणी, तर कधी गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीतील तरुण. बहुधा करंज तेलाची किंवा निंब तेलाची बाटली दिली जाते. जंतांची तक्रार असेल तर कृमिकुठार वा विडंगारिष्ट माणसाच्या निम्म्या मात्रेत सांगितले जाते. मागणाऱ्याचे समाधान होते आणि विक्रीही होते. या व्यवहारात कुत्र्याचे काय होते, याचा विचार आपल्या व्यवसायबंधूंनी करावा एवढ्यासाठी हे टिपण आहे. मत आरंभीच सांगून टाकतो : श्वानांच्या कृमींबाबत आपल्या शास्त्राजवळ मोलाचे असे जे आहे ते निदानपरिवर्जन होय. पोटात देण्याचे औषध मात्र, निदान आजच्या घडीला, आपण काउंटरवरून देऊ नये.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातील आयुर्वेदीय औषधाच्या व्याख्येत मनुष्य आणि प्राणी या दोहोंचा उल्लेख आहे. त्यामुळे परवान्याखाली तयार झालेले प्राण्यांचे आयुर्वेदीय औषध दुकानात ठेवण्यात गैर काही नाही. याउलट भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० प्रमाणे पशुचिकित्सेचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा आहे. अर्थात औषध विकता येते. परंतु प्राण्याचा रोग ठरवून त्याची मात्रा सांगणे आपल्या अधिकारात येत नाही. आपल्यापैकी अनेकांना ही सीमारेषा ठाऊक नसते, असा अनुभव आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी शास्त्राची अडचण राहतेच. पालकाप्याने हत्तींसाठी लिहिले, शालिहोत्राच्या नावावर अश्वचिकित्सा आहे. बाराव्या शतकातील सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त कुत्र्यांचे प्रकरण आहे खरे, पण ते राजाच्या करमणुकीच्या अंगाने. सुश्रुताच्या कल्पस्थानात कुत्रा येतो तो अलर्कविषाच्या प्रसंगी, म्हणजे रोग देणारा म्हणून. तेथे रुग्ण माणूसच असतो. तेव्हा ‘माणसाच्या निम्मी मात्रा’ या हिशेबाला ग्रंथाधार कोणता?

हा हिशेब घातकही ठरू शकतो. कृमिमुद्गर रसात विषमुष्टी म्हणजे कुचला आहे. कुचल्यातील स्ट्रिक्नीन हे कुत्र्याच्या बाबतीत अत्यंत जहाल विष आहे. आपल्या देशात अनेक ठिकाणी पूर्वी मोकाट कुत्री मारण्यासाठी तेच वापरले जात असे. शोधनाने विषमुष्टीची तीव्रता कमी होते हे मान्य, तथापि वैद्यकीय देखरेखीची सूचना ज्या औषधाच्या वेष्टनावर माणसासाठी छापावी लागते, ते पाच किलोच्या पिलाला अंदाजाने द्यावे काय? लसूण आपल्याकडे उत्तम कृमिघ्न मानला जातो. कुत्र्याच्या शरीरात मात्र लसूण-कांद्यातील गंधकयुक्त द्रव्यांमुळे तांबड्या रक्तपेशी फुटतात. गोचिडांमुळे आधीच रक्त कमी झालेल्या कुत्र्याला कोणी प्रेमाने लसूण चारत असेल तर परिणाम काय होईल हे सांगावयास नको. अरिष्टांतील स्वयंजनित मद्य कुत्र्याला सोसत नाही. कापूर घातलेले तेल अंगाला चोळले तर ते चाटून पोटात जाते. तंबाखूचे पाणी व रॉकेल यांविषयी तर लिहिण्याचीही गरज पडू नये, परंतु हे उपाय या भागात अद्याप चालू आहेत.

आता गोचिडाकडे वळू. आपल्या शहरात कुत्र्यावर प्रामुख्याने आढळणारा तपकिरी गोचीड आयुष्यात तीन वेळा रक्त पिण्यासाठी अंगावर चढतो आणि प्रत्येक वेळी पोट भरले की खाली उतरतो. मादी उतरते ती अंडी घालण्यासाठी, आणि ती अंडी हजारोंनी असतात. उतरलेला गोचीड जमिनीवर न थांबता वर चढतो : भिंतीची भेग, चौकटीची फट, जिन्याखालची तुळई. परळ-लालबागच्या जुन्या चाळींत अशा जागांना तोटा नाही. हिंदमाताला पाणी तुंबले की (भूमिगत टाक्या झाल्यापासून हे प्रमाण उतरले आहे, एवढे नमूद केले पाहिजे) रस्त्यावरची कुत्री जिन्यात आणि दुकानाच्या पायरीवर आश्रय घेतात, आणि त्यांच्याबरोबर गोचीडही येतात. कुत्र्याच्या अंगावर दिसतात ते एकूण संख्येतले थोडेसेच. अंगाला तेल लावून उरलेल्यांचे काहीच होत नाही. निंब व करंज तेलाचे कीटकरोधक गुण नाकारण्याचे कारण नाही, पण ते गुण कुत्र्याच्या केसाळ अंगावर फार काळ टिकत नाहीत, आणि गोचिडाच्या दंशातून एर्लिकियाचे जंतू काही तासांतच रक्तात उतरू शकतात. ताप, मलूलपणा, नाकातून रक्त, फिकट हिरड्या, बॅबेसिया असल्यास गडद लघवी अशी लक्षणे दिसेपर्यंत पुष्कळ उशीर झालेला असतो.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या सातव्या अध्यायात कृमींच्या चिकित्सेचा जो क्रम दिला आहे तो येथे जसाच्या तसा लागू पडतो. आधी अपकर्षण, म्हणजे दिसणारा कृमी ओढून काढणे. गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावा, बोटांनी चिरडू नये. मग प्रकृतिविघात, म्हणजे कृमीला अनुकूल परिस्थिती मोडणे. हे काम कुत्र्याच्या बाबतीत आज मानेवर टाकण्याचे थेंब किंवा महिन्याने अथवा तीन महिन्यांनी द्यावयाच्या गोळ्या करतात, आणि ते पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच व्हावे. झटके येणाऱ्या कुत्र्याला यांतील काही गोळ्या वर्ज्य असतात, तर परमेथ्रिन असलेले कुत्र्याचे थेंब घरातील मांजराचा जीव घेऊ शकतात. तिसरे निदानपरिवर्जन : फटी बुजविणे, अंथरूण गरम पाण्यात धुणे, जिना झाडणे, इमारतीतील सर्व कुत्र्यांवर एकाच वेळी उपाय करणे. याला औषध लागत नाही, म्हणून ते कोणी सांगत नाही.

मधला दुवा तोडला की रोग थांबतो, याचा पुरावा तर परळनेच जगाला दिला आहे. १८९६ च्या प्लेगनंतर हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात आली. प्लेग संशोधन आयोगाने १९०५ पासून केलेल्या प्रयोगांत असे दिसले की पिसवा दूर ठेवल्यास प्लेगग्रस्त व निरोगी प्राणी शेजारी शेजारी ठेवूनही लागण होत नाही. पिसवांचे म्हणणे निघालेच आहे तर सांगतो : कुत्र्याच्या विष्ठेत भाताच्या किंवा काकडीच्या बीएवढे हलणारे तुकडे दिसतात ते पट्टकृमीचे, आणि तो कृमी पोटात जातो पिसू गिळल्याने. पिसवा कायम ठेवून जंताचे औषध दर महिन्याला दिले तरी तक्रार महिन्याभरात परत येते. मग ‘औषध लागू पडत नाही’ असा बोभाटा होतो.

पोटातील गोलकृमी व अंकुशकृमी यांची गोष्ट वेगळी. गोलकृमी आईच्या गर्भातूनच पिलात उतरतात, अंकुशकृमी दुधातून. म्हणून जंताचे औषध दोन आठवड्यांच्या वयापासून सुरू करावे लागते, आणि दर पंधरवड्याने दोन-तीन महिन्यांचे वय होईपर्यंत द्यावे लागते. अंकुशकृमी रक्त पितात; काळी विष्ठा होणारे लहान पिलू चार दिवसांत दगावू शकते. अशा वेळी पळसबीज की कपिला, ही चर्चा करीत बसू नये.

हा प्रश्न केवळ कुत्र्याचा नाही. मातीत पडलेली गोलकृमीची अंडी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे जिवंत राहतात आणि खेळणाऱ्या मुलांच्या हातातून पोटात जातात. त्यातील अळ्या यकृतात व क्वचित डोळ्यातही शिरतात. अनवाणी पायावर नागमोडी तांबडी रेघ उठली की ती अंकुशकृमीच्या अळीची असू शकते; तिला विसर्प किंवा दद्रू समजून लेप देत बसण्याचा संभव असतो. तीव्र ताप व अंगावर पुरळ घेऊन आलेल्या रुग्णास ‘घरी कुत्रा आहे का, गोचीड काढले होते का’ हा प्रश्न प्रश्नपरीक्षेत असलाच पाहिजे. गोचीडजन्य ज्वरात वेळेवर रुग्णालयात पाठविणे ही वैद्याची जबाबदारी आहे. यात वैद्याला कमीपणा येत नाही.

आपल्या भागाचे भाग्य असे की पाठवायचे कोठे, हा प्रश्नच पडत नाही. जुने रहिवासी ज्याला ‘बैलघोडा’ म्हणतात ते बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय हिंदमाताहून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि १८८६ मध्ये सुरू झालेले पशुवैद्यक महाविद्यालयही परळलाच. प्रत्येक औषधालयाने काउंटरवर एक छापील चिठ्ठी ठेवावी. तीत गोचीड कसा काढावा, घर कसे स्वच्छ करावे आणि तपासणीला कोठे जावे एवढेच असावे. तेल विकायचे तर विकावे, पण ‘हे लावले की झाले’ असे म्हणू नये.

विडंगासारख्या द्रव्याचा कुत्र्यांत उपयोग होत नाही, असे येथे म्हणावयाचे नाही. २०१५ चे नोबेल पारितोषिक अर्धे मातीतील सूक्ष्मजीवापासून आलेल्या आयव्हरमेक्टिनच्या मागील संशोधनाला मिळाले, अर्धे जुन्या चिनी ग्रंथातील वनस्पतीवर काम करणाऱ्या तू यूयू यांना. त्यांना ग्रंथातून दिशा सापडली, पण औषध सिद्ध झाले ते प्रयोगशाळेत आणि रुग्णांवर. आपल्या संघटनेने परळच्या महाविद्यालयाकडे असा संयुक्त प्रयोग सुचवावा. विष्ठेतील कृमींच्या अंड्यांची गणना औषधापूर्वी व नंतर करणे ही साधी, स्वस्त तपासणी आहे. मात्र त्याआधी बाजारात मिळणारा विडंग तपासून घ्यावा लागेल, कारण खऱ्या विडंगाच्या जागी दुसऱ्याच जातीची फळे सर्रास विकली जातात, आणि ती कोणती हे आपल्या औषधविक्रेत्या सभासदांइतके कोणाला ठाऊक असणार?